कासच्या फुलांसाठी पोलरायझिंग फिल्टर कसा निवडावा

ऑगस्टअखेर साताऱ्याहून कास पठाराकडे जाणारे हौशी छायाचित्रकार पोलरायझिंग फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवून फिरवायची, चकाकी कापणारी काच, विकत घेतात, तो बहुधा गडद निळ्या आकाशाच्या आशेने. त्या दिवसांत पठारावर आभाळ बहुतेक भरलेले असते आणि भरलेल्या आभाळावर हा फिल्टर जवळजवळ काहीच करत नाही. त्याचे खरे काम तेथे खाली आहे: ओल्या पानापाकळ्यांवरची पांढुरकी चकाकी हटली, की तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग खुलून येतो. निवडही याच कामाच्या हिशेबाने करावी.

आधी माप पाहावे. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतून, तिरकी रेघ मारलेल्या शून्यापुढे ५८, ६७, ७७ असा जो आकडा असतो, तो मिलिमीटरमधील व्यास होय. १८-५५ हा आकडा फोकल लेंथचा असून त्याचा येथे संबंध नाही. लेन्स अनेक असतील, तर सर्वांत मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी जोडकडी, घ्याव्यात. मात्र तसे केल्यास लहान लेन्सचे हूड, म्हणजे पुढचा आडोसा, सहसा बसत नाही, आणि भुरभुर पावसात ही उणीव चांगलीच जाणवते.

प्रकार सर्क्युलर, म्हणजे सीपीएल, घ्यावा. या नावाचा फिल्टरच्या गोल आकाराशी संबंध नाही. लिनियर फिल्टरमुळे डीएसएलआरचा ऑटोफोकस आणि प्रकाशमापन चुकू शकते, ती अडचण यात येत नाही.

सर्वांत जास्त विचार प्रकाशाचा करावा, कारण दुकानात त्याविषयी क्वचितच कोणी बोलते. हे फिल्टर साधारण १ ते २ स्टॉप प्रकाश खातात; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. पठारावर वारा सतत असतो. फिल्टरविना १/२५० सेकंदात स्थिर येणारे फूल २ स्टॉप गेल्यावर १/६० वर हलते, नाहीतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, चौपट करावा लागतो. म्हणून केवळ १ स्टॉपच्या आसपास प्रकाश घेणारा फिल्टर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, असे माझे मत आहे. वाइड लेन्ससाठी पातळ कड्याचा घ्यावा, म्हणजे कोपरे काळवंडत नाहीत. पाणी न धरणारे मल्टिकोटिंगही पाहून घ्यावे.

पैसे देण्यापूर्वी दुकानातल्याच कॅल्क्युलेटरवर परीक्षा घ्यावी. लेन्सला बसणारी बाजू डोळ्याकडे धरून फिल्टर फिरवला, की कॅल्क्युलेटरचा पडदा एका स्थितीत जवळपास काळा झाला पाहिजे, आणि फिल्टर उलटा धरल्यावर मात्र तो कोणत्याच स्थितीत काळा होता कामा नये. मग पांढऱ्या कागदावर धरून पिवळट छटा येते का ते पाहावे, आणि कडे न अडखळता फिरते याची खात्री करावी.

पठारावर गेल्यावर आधीचा यूव्ही फिल्टर काढून मगच हा चढवावा. कुमुदिनीच्या तळ्यावर पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन साधून कडे फिरवले, तर प्रतिबिंब सर्वाधिक पुसले जाते; सरळ वरून पाहिल्यास परिणाम दिसत नाही. ठोसेघरच्या धबधब्यावर तुषारांत इंद्रधनुष्य दिसत असेल, तर कडे जपून फिरवावे, कारण एका स्थितीत ते चक्क नाहीसे होते. जेथे ते सर्वांत ठळक दिसेल तेथेच थांबावे.