हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन: ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नसतं, या चुका टाळा

माझ्या दादाला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप थोडी खराब झाली, पण पुढे वर्षानुवर्षं काही त्रास नाही म्हणून घरात सगळे ते विसरूनही गेले. मग एका पावसाळ्यात संध्याकाळी अंगात कसकस, 100, कधी 101 ताप, रात्री घामाने बनियन ओलं. मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनची 3 गोळ्यांची स्ट्रिप आणली, ताप गेला. 8 दिवसांनी परत. परत स्ट्रिप. असं तीनदा झालं आणि तोवर दीड महिना गेला, वजन 6 किलो उतरलं. शेवटी एका डॉक्टरांनी त्याची नखं उजेडात धरून बघितली, नखाखाली फास गेल्यासारख्या बारीक तपकिरी रेघा होत्या, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हृदयाचा काही त्रास आहे का. त्याच खराब झडपेला इन्फेक्शन झालं होतं. आम्ही जे चुकलो तेच इतर घरांतही होताना बघते म्हणून लिहितेय.

ब्लड कल्चरच्या आधी अँटिबायोटिक घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. झडपेवर कुठला जंतू बसलाय हे मुख्यतः ब्लड कल्चरमधून कळतं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का ते बघतात, आणि रक्त घ्यायच्या आधी दोन-चार गोळ्या जरी पोटात गेल्या असतील तरी रिपोर्ट "वाढ नाही" असा येऊ शकतो, मग डॉक्टरांना अंदाजाने दोन-तीन औषधं एकत्र द्यावी लागतात. दादाचं तेच झालं. कल्चर एका बाटलीवर भागत नाही, वेगवेगळ्या शिरांमधून तीन वेळा रक्त घेतात, मोठ्या माणसाचं एका बाटलीत 8 ते 10 मिली, त्यामुळे "किती रक्त काढताय" म्हणून सिस्टरशी भांडू नका. पेशंट खूप सिरियस असेल तर आधी कल्चरचं रक्त घेऊन लगेच इंजेक्शन सुरू करतात, तिथे रिपोर्टची वाट बघत नाहीत.

झडप खराब आहे, झडप बदललीय, पूर्वी हे इन्फेक्शन होऊन गेलंय, जन्मापासून हृदयात दोष आहे, यातलं काहीही असेल आणि ताप आठवडाभर रेंगाळला तर डॉक्टरला हे स्वतःहून सांगा. समोरच्याला माहीत असेल असं धरून चालू नका. आम्ही तीन ठिकाणी दाखवलं, तिन्ही ठिकाणी सांगितलं नाही.

ताप उतरला की डिस्चार्ज मागणं

बरेचदा योग्य इंजेक्शन सुरू झालं की आठवडाभरात ताप उतरतो, पेशंट जेवायला लागतो, आणि मग घरचे म्हणतात आता गोळ्या लिहून द्या, घरी जातो. पण झडपेवर जंतूंचा जो गोळा बसतो ना, त्याला व्हेजिटेशन म्हणतात, त्याच्या आत रक्तवाहिनीच नसते. गोठलेल्या रक्ताच्या जाळ्यात जंतू दाटीवाटीने बसलेले, त्यातले बरेच जवळपास झोपलेले, आणि पेनिसिलिनसारखी औषधं वाढणाऱ्या जंतूवर जास्त चालतात. म्हणून मोठा डोस, शिरेतून, आणि बहुतेकदा 4 ते 6 आठवडे. कृत्रिम झडप असेल तर किमान 6. आणि हे दिवस ॲडमिट झाल्या तारखेपासून मोजत नाहीत, योग्य औषध लागू पडायला लागलं त्या दिवसापासून मोजतात, आणि कल्चर आधी पॉझिटिव्ह असेल तर ते पहिल्यांदा निगेटिव्ह आलं त्या दिवसापासून. हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, त्यामुळे आई कॅलेंडरवर फुल्या मारत बसली आणि तारीख पुढे गेली तेव्हा फार रडली.

शिरेतून सुरू करून नंतर गोळ्यांवर आणतात हे खरंय, डेन्मार्कमध्ये 400 पेशंटवर झालेला अभ्यास 2018 मध्ये आला, पण त्यात किमान 10 दिवस इंजेक्शन झालेले, स्थिर असलेलेच पेशंट होते आणि बहुतेकांना दोन-दोन औषधं एकत्र होती. तो निर्णय डॉक्टरांचा, आपल्या घाईचा नाही.

औषध चालू आहे ना, मग ऑपरेशन कशाला

हा प्रश्न आम्हीही विचारला. औषध जंतू मारतं, फाटलेली झडप शिवत नाही. झडप गळायला लागून दम लागत असेल, झडपेच्या बुडाशी पू झाला असेल, किंवा गोळा मोठा असून त्याचे तुकडे सुटून मेंदूकडे जायची भीती असेल, तर कोर्स संपायची वाट न बघता ऑपरेशन करावं लागतं. अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सकाळपर्यंत थांबू नका.

बाकी लक्ष ठेवायच्या गोष्टी: जेंटामायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर किडनीची तपासणी होतेय ना बघा, लघवी कमी झाली, कानात आवाज यायला लागला, चक्कर आली तर लगेच सांगा. इंट्राकॅथची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा लाल झाली, दुखली तर बदलून घ्या, तिथून नवीन जंतू आत जातो. ॲसिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) वारंवार बघावा लागतो, कारण त्या गोळीचा जोर कमी होतो.

हृदयाच्या पिशवीची सूज वेगळी

छातीत दुखतं, आडवं झाल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, ही बहुतेकदा हृदयाभोवतीच्या पातळ पिशवीची सूज. ती व्हायरसने झाली असेल तर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, सूज कमी करणारी औषधं लागतात. आपल्याकडे टीबीने होण्याचं प्रमाण मोठं आहे, तिथे टीबीची औषधं किमान 6 महिने. पू झाला असेल तर तो काढावाच लागतो. म्हणून शेजारच्या काकांना जे दिलं ते आपल्याला चालेल असं नाही.

21 दिवसांचं इंजेक्शन आणि दात

पेनिड्युरचं, म्हणजे दर 21 दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन संधिवाताचा ताप (दादाला लहानपणी आला तसा, सांधे सुजून झडप खराब करणारा) परत येऊ नये म्हणून असतं. ते चालू असेल तरी झडपेच्या इन्फेक्शनपासून संरक्षण मिळतं असं समजू नका. कृत्रिम झडप असेल किंवा हा आजार आधी होऊन गेला असेल, तर दात काढण्याआधी, हिरडीचं काम करण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो, साधारण अर्धा ते एक तास आधी, म्हणून डेंटिस्टला अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, खुर्चीत बसल्यावर नाही. पेनिड्युर चालू असेल तर तेही सांगा, कारण तो डोस बहुधा वेगळ्या औषधाचा देतात. आणि रोज दोनदा ब्रश, कारण तोंडातले जंतू किडक्या दातातून आणि सुजलेल्या हिरडीतून रोजच थोडेथोडे रक्तात जात असतात.

दादाच्या पाकिटात आता एक कार्ड आहे, त्यावर आईने मोठ्या अक्षरात लिहिलंय: ताप आला तर गोळी नाही, आधी ब्लड कल्चर.