हौद्यातल्या कॅम्परची दुसरी बॅटरी: परतीची वायर आधी बघा

माझ्या पिकअप ट्रकच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे राहण्याची छोटी केबिन, ठेवलेली असते. तिची स्वतःची दुसरी बॅटरी ट्रकवर चार्ज होते. रात्री फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की माझ्या कॅम्परमधले दिवे डोळा मारायचे. मी बॅटरीला दोष दिला आणि नवी आणून बसवली. दिवे मिचकावतच राहिले. शेवटी मल्टिमीटर घेऊन बसले. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्ट, फ्रीजच्या सॉकेटवर ११.१. मधले दीड व्होल्ट कुठे गेले? फ्रीज चालू ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी फ्रीजच्या निगेटिव्हवर टेकवली. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं, दिसलं १.२. अर्थचा, म्हणजे निगेटिव्ह बॉडीला जोडणारा, स्क्रू रंगावरच आवळलेला होता. आवळणारी मीच.

म्हणून वायरिंग करणाऱ्याला मी पहिल्यांदा निगेटिव्हबद्दल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरबद्दल, विचारते. पॉझिटिव्ह सगळेच जाड घेतात. निगेटिव्हला मात्र ‘बॉडीला लावली की झालं’ म्हणतात. एक तर हौद्यात ठेवलेल्या कॅम्परची बॉडी म्हणजे ट्रकची बॉडी नव्हे. खाली रबरी मॅट असते, कॅम्परचा सांगाडा बऱ्याचदा लाकडी असतो, आणि बांधायच्या साखळ्यांमधून करंट नेणं हा निव्वळ आशावाद आहे. ट्रेलरच्या सात पिनांच्या प्लगमधली अर्थची वायर दिव्यांपुरती ठीक, चार्जिंगला नाही. त्यामुळे पॉझिटिव्हइतकीच जाड निगेटिव्ह कॅम्परपासून ट्रकपर्यंत वेगळी ओढा. मध्ये दोन पोलचा अँडरसन कनेक्टर (दोन्ही वायरींचा एकच जाड प्लग) टाका, म्हणजे कॅम्पर उतरवताना दोन्ही एकदम सुटतात.

जाडीचा हिशोब पाठ करून ठेवण्याजोगा आहे: जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचे स्क्वेअर एमएम. येतो तो व्होल्टचा तोटा. माझा डीसी-टू-डीसी चार्जर (ट्रकचं व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवं तसं करून देणारा डबा) बॅटरीला २५ अँपिअर देतो आणि त्यासाठी ट्रककडून ३० च्या आसपास ओढतो. अंतर सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा. सहा स्क्वेअरमध्ये १.०५ व्होल्ट वाटेतच खलास, सोळा स्क्वेअरमध्ये ०.३९. मी सोळा घेतली. पंचवीसमध्ये पाव व्होल्टच जातो, पण ती वळवताना मनगट बोलतं.

चार्जरऐवजी साधा रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच, चालेल का? ट्रक जुना आणि कॅम्परची बॅटरी लेड-ॲसिड असेल तर चालतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज देणारा जनरेटर) मनाला येईल तेव्हा व्होल्टेज खाली आणतो आणि रिले सुटतो. लिथियम बॅटरी तर मिळेल तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवते. तिथे चार्जरच हवा. लिथियमला शून्य अंशाखाली चार्जिंग चालत नाही, तेव्हा तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरीला सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) थंडीचा कट-ऑफ आहे ना, बघून घ्या.

फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. म्हणून तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतरात. आणि या लांब वायरला दोन्ही टोकांना, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर करंट दोन्हीकडून येणार. माझ्याकडे दोन्ही बाजूंना ५० अँपिअरचे आहेत. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट विसरू नका. लेड-ॲसिड बॅटरी आत ठेवणार असाल तर पेटीला बाहेर वाट द्या. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो.

आता अर्थचा पॉइंट. हौद्याचा पत्रा नको. थेट चासीवरचा जाड बोल्ट निवडा. थिंबलच्या (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीच्या) तळापेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा, प्रायमरसुद्धा निघून लोखंड चकाकेपर्यंत. थिंबल थेट लोखंडावर, मध्ये वॉशर नाही. दातेरी वॉशर वरून, मग नट. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग, म्हणजे गंज चढत नाही. ट्रकच्या बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर त्या टर्मिनलला थेट वायर लावू नका. तुमचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा हिशोब बिघडतो. चासीलाच लावा. कॅम्परच्या आत सगळ्या निगेटिव्ह एका बसबारवर, म्हणजे वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीवर, आणा, आणि सांगाडा धातूचा असेल तर तोही तिथूनच एका वायरने जोडा.

थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. मी एक हातोडीने ठोकून बसवली होती, ओढल्यावर हातात आली. सोल्डर करायचा मोह टाळा: सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि धक्क्यांनी नेमकी तिथेच तुटते.

कामाला हात घालताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना सगळ्यात शेवटी. पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला तर काय होतं याची खूण माझ्या एका पान्यावर आहे.

सगळं जोडून झालं की फ्रीज चालू करून दोन निगेटिव्हमधलं मोजमाप पुन्हा घ्या. माझ्याकडे आता ०.०४ दिसतं, ०.१ च्या वर गेलं तर कुठला तरी सांधा कच्चा आहे. खराब रस्त्यावरच्या पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा. माझा पाव फेरा ढिला झाला होता.