तळ्यातला दिवा घरी करताना: पाणी झाकणातून नव्हे, वायरीतून येते

बागेतल्या तळ्यासाठी पाण्याखालचा दिवा स्वतः करू पाहणाऱ्याला 12 व्होल्टचा एलईडी कसा जोडायचा हे ठाऊक असते, असे मी धरून चालतो. माझे चार दिवे एकामागून एक ज्या चुकीमुळे गेले, ती मात्र सविस्तर सांगतो, कारण ती उमगायला मला दोन पावसाळे लागले.

दर वेळी मी झाकण अधिक घट्ट बसवत होतो आणि दर वेळी काही आठवड्यांत काचेला आतून दव धरत होते. दिवा उघडला की झाकणाची कड कोरडी असे, पण धन बाजूच्या डाखाखाली तांबे झिजून हिरवी भुकटी साचलेली असे. शेवटी पाणबुडी मोटारी भरणाऱ्या एका कारागिराने माझी वायर मधोमध सोलली आणि आतल्या काळ्या पडलेल्या तारा दाखवल्या. दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते, विझला की ती आकसते आणि बाहेरचे ओढून घेते. वायरीचा सांधा पाण्यात असेल किंवा तिच्या आवरणाला कुठे चीर गेलेली असेल, तर बारीक तारांमधल्या फटींतून पाणी थेट दिव्यात पोहोचते. व्हिडिओ पाहून मला जे कळले नव्हते, ते त्याच्या दुकानात दहा मिनिटांत कळले. नवशिक्यांनी असा माणूस आधी गाठावा.

उपाय साधा आहे. दिव्याच्या आत वायरीचे सेंटिमीटरभर आवरण काढावे, तेथील तारांमध्ये डाख पूर्ण मुरवून त्या भरीव कराव्यात आणि तो भाग इपॉक्सीत (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेत) गाडावा. आत हवेला जागाच राहू नये म्हणून सगळी पोकळी इपॉक्सीने भरावी, मात्र थराथराने, कारण एकदम ओतलेले मिश्रण घट्ट होताना फार तापते. पाण्याखाली सांधा ठेवू नये. वायर अखंडच काठाबाहेर आणावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, त्यातले आम्ल तांबे खाते. आयपी 67 ची (धूळ-पाणी रोखण्याच्या श्रेणीची) तयार एलईडी पट्टी कापून तळ्यात सोडणे ही पळवाट मला मुळीच मान्य नाही: ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते, आणि कापलेले टोक तर उघडेच पडते.

230 व्होल्ट तळ्याजवळ आणू नयेत. मुख्य विजेपासून विलग असलेला ट्रान्सफॉर्मर तळ्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा, त्याला वीज येते त्या बाजूला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावाच. यात चूक झाली तर जीव जातो.

पहिला दिवा बिघडला म्हणून मात्र खचू नका. दुसरा तळ्यात सोडण्यापूर्वी आठवडाभर गार पाण्याच्या बादलीत ठेवून रोज तासभर पेटवावा आणि विझवावा. माझा पाचवा दिवा या चाचणीत कोरडा राहिला. आता तो बसायच्या ओट्याकडे पाठ करून कमळाच्या देठांवर उजेड टाकतो, आणि माशांना अंधार मिळावा म्हणून रात्री दहाला बंद होतो.