मिमिक्यूशी लढताना पहिला वार महागडा नको

पोकेमॉनमधला हा भुताटकीचा जीव २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’ या व्हिडिओ गेम्समध्ये आला. अंगावर पिकाचूसारखं फडकं पांघरलेलं असतं आणि तेच त्याची ढाल. पहिला हल्ला कितीही जबरी असो, तो फडक्यावर जातो. मान लुळी पडून एका बाजूला कलते, बस्स. (‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’ या नंतरच्या गेम्सपासून मात्र फडकं फाटताना एक अष्टमांश एचपी, म्हणजे जीवशक्तीही जाते.) नवखे खेळाडू नेमका इथेच सगळ्यात भारी मूव्ह (लढाईतली चाल) वाया घालवतात, आणि तेवढ्यात मिमिक्यू स्वॉर्ड्स डान्स, म्हणजे स्वतःच्या वाराची ताकद वाढवणारी मूव्ह, करून मोकळं.

त्यापेक्षा रॉक ब्लास्टसारखी सलग दोन ते पाच वार करणारी मूव्ह वापरा. पहिल्याने फडकं जातं, उरलेले थेट अंगावर. फ्युरी स्वाइप्स नको. ती सलग वार करत असली तरी नॉर्मल प्रकारची, आणि तो प्रकार घोस्टला, म्हणजे भुताला, लागतच नाही. विषाने किंवा स्टेल्थ रॉकने (मैदानात येताच टोचणारे दगड) नुकसान होतं, पण फडकं शाबूत राहतं. एकदा फाटलं की मात्र आत-बाहेर करूनही त्या लढाईत परत येत नाही. मग स्टील किंवा घोस्ट प्रकाराच्या मूव्हने उरकून टाका.

पकडायचं असेल तर फॉल्स स्वाइप (समोरच्याला एक एचपीवर जिवंत ठेवणारी मूव्ह) हीही नॉर्मल प्रकारची, म्हणून निरुपयोगी. आधी सोक ही मूव्ह मारून त्याचा प्रकार पाण्याचा करा, मग चालतं.