वय वाढल्यावर प्रतिकारशक्ती कशी सांभाळायची? सुरुवात थर्मामीटरपासून करा

साठी ओलांडली की घरातलं कुणीतरी प्रेमाने 'इम्युनिटी बूस्टर'ची बाटली आणून देतंच. पण प्रतिकारशक्ती नुसती वाढवून भागत नाही, कारण उतारवयात गडबड वेगळीच असते, गरज नसताना शरीरात बारीक दाह सतत चालू राहतो आणि खरा जंतू घुसला की त्याला ओळखायला मात्र उशीर होतो. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची छोटी ग्रंथी असते, जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिथेच तयार होतात. ही ग्रंथी आपण वयात आल्यापासूनच आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. त्यामुळे जुन्या जंतूंची आठवण ठेवणाऱ्या पेशी असतात, नव्याला ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी कमी पडतात. हे काही उलटं फिरवता येत नाही, पण हाताशी जे उरलंय ते नीट चालावं म्हणून बरंच करता येतं.

पायरी 1: आपलं नेहमीचं तापमान लिहून ठेवा

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतेय. माझी आई 78 वर्षांची असताना एका सकाळी तिने ब्लाउजची बटणं वर-खाली लावली, चहा अर्धा सोडला आणि आज वार कुठला ते तिला सांगता येईना. ताप बघितला तर 99, म्हटलं ताप नाहीये, थकली असेल, झोपू दे. दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया निघाला. ती बरी झाली, पण तो एक दिवस मी हकनाक घालवला हे मला अजून लागतं. नंतर आठवडाभर रोज सकाळी मोजलं तेव्हा कळलं की तिचं नेहमीचं तापमानच 96.8 आहे, म्हणजे 99 हा तिच्यासाठी तापच होता.

वय झालं की शरीर तापतंच असं नाही. म्हणून बरं असताना आठवडाभर, एकाच वेळी, एकाच थर्मामीटरने मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. त्याच्या वर 2 अंश फॅरेनहाइट गेलं किंवा तोंडात मोजून 100 आलं तर ताप समजायचा. आणि आकडा काहीही असू दे, माणूस अचानक गोंधळला, पडला, जेवेनासा झाला, दिवसभर गुंगीत राहिला किंवा श्वास जोरात चालायला लागला तर इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पायरी 2: लसींची यादी काढा

नव्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी कमी असतील तर ओळख आधीच करून दिलेली बरी, लस तेच काम करते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती लस दरवर्षी घ्यायची असते, आणि 65 च्या पुढच्यांसाठी काही ठिकाणी हाय डोस लस मिळते, तिच्यात विषाणूचा ओळखीचा भाग नेहमीच्या लसीच्या चौपट असतो. न्यूमोनियासाठी न्यूमोकोकलची लस, धनुर्वातासाठी दर 10 वर्षांनी बूस्टर, आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची लस 2023 पासून आलीय. कोविडचंही विचारून घ्या.

नागिणीबद्दल मात्र लोक फार कमी बोलतात. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि प्रतिकार ढिला पडला की अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड घेऊन बाहेर येतो. फोड सुकतात, पण आग आणि ठणका काहींना महिनोनमहिने राहतो, कापड टेकलं तरी सहन होत नाही. पन्नाशीनंतर याची लस घेता येते, 2 डोस, मध्ये 2 ते 6 महिन्यांचं अंतर. आणि फोड आलेच तर 72 तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं, घरगुती लेप लावत बसू नका.

कुठल्या वयाला कुठली लस ते देशागणिक बदलतं, आणि स्टेरॉइड किंवा केमो चालू असेल तर जिवंत विषाणूच्या लसी चालत नाहीत, तेव्हा यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. घरातल्या तरुणांनीही फ्लूची लस घ्यावी, आजार बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच घरात येतो.

पायरी 3: स्नायू टिकवा

आजारपणात शरीर अँटिबॉडी आणि नव्या पेशी बनवायला प्रोटीन स्नायूंमधून ओढतं, म्हणून आधीच दंड-मांड्या वाळलेल्या माणसाला साधं इन्फेक्शनही झोपवतं. 65 नंतर वजनाच्या दर किलोला रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम, आणि ते तिन्ही वेळच्या जेवणात वाटून. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं, यावरून अंदाज येईल. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी विचारा.

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि 2 दिवस ताकदीचा व्यायाम, हात न टेकता खुर्चीवरून 10 वेळा उठणं-बसणं इतक्यापासून सुरू केलं तरी चालेल. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या 55 ते 79 वयाच्या सायकलपटूंचा अभ्यास आला होता, त्यांचा थायमस तरुणांइतक्याच नव्या टी पेशी बनवत होता. ती माणसं वर्षानुवर्षं सायकल चालवत होती हे खरं, पण वाचून मला फार धीर आला.

पायरी 4: झोप

164 जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडून केलेल्या एका प्रयोगात 6 तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता 7 तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. ती माणसं पंचावन्नच्या आतली होती, तरी झोपेचं महत्त्व कळायला एवढं पुरे. घोरताना श्वास अडकत असेल तर तपासून घ्या.

पायरी 5: तोंड आणि कातडी

झोपेत लाळ थोडी थोडी फुफ्फुसात उतरते आणि तोंडातले जंतूही सोबत जातात. कवळी असेल तर रात्री काढाच. आतल्या बाजूने बोट फिरवून बघा, बुळबुळीत थर लागेल, तो ब्रशने घासून काढायचा. जपानमध्ये 85 च्या पुढच्या 500 हून जास्त लोकांवर लक्ष ठेवलं तेव्हा कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. कातडी कोरडी पडून भेगा गेल्या की तिथूनही जंतू शिरतात, आंघोळीनंतर क्रीम लावा, डायबेटिस असेल तर पायाची बोटं फाकवून रोज बघा.

पायरी 6: बाटल्या

व्हिटॅमिन डी आणि बी12 वयानुसार खरंच कमी होतात, पण रक्त तपासून मग घ्या, डी प्रमाणाबाहेर गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. झिंक रोज 40 मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्याने पांढऱ्या पेशीच घटतात, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच बिघडतं. स्टेरॉइडने प्रतिकार कमी होतो हे वाचून ती गोळी मनाने एकदम बंद करू नका, ते जास्त धोक्याचं आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, गोळ्या, पावडरी एका पिशवीत भरून न्या, आणि कॅलेंडरवरचा तो तापमानाचा आकडाही कागदावर उतरवून घ्या.