तरंगत्या फुग्यांचा डेटा हातात आलाय? मग या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ज्युनियर रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर ग्राफ पाठवतो, खाली लिहिलेलं असतं, "मॅडम, नवीन वेव्ह सापडली बहुतेक." (वेव्ह म्हणजे हवेतली लाट.) आत्तापर्यंत एकही नवीन निघालेली नाही. दोनदा ती सूर्याची निघाली, एकदा खुद्द फुग्याची, आणि एकदा रेखांशाच्या कॉलमची. ती शेवटची माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तीच सांगते.

आपण कुठल्या फुग्यांबद्दल बोलतोय ते थोडक्यात. हवामान खात्याचा रोजचा फुगा वर जातो आणि फुटतो. हे सुपरप्रेशर फुगे बंद असतात, हेलियम बाहेर सुटत नाही, आवरण ताणलेलं राहतं, आणि ते 18-20 किलोमीटरवर एका थरात महिनोन्‌महिने वाऱ्याबरोबर वाहत राहतात. फ्रेंचांच्या स्ट्रॅटिओल-2 मोहिमेत सेशेल्समधल्या माहे बेटावरून 2019 ला 8 आणि 2021 ला 17 असे फुगे सोडले, ते विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीला फेऱ्या मारत होते. (1999 ला इंडोएक्स मोहिमेत आपल्या गोव्याहून पण फ्रेंच फुगे सोडले होते, ते बरेच खालच्या थरातले, हिवाळ्यात उपखंडावरचा धूर समुद्रावर कुठे जातो ते बघायला.)

तर किस्सा. एका पोराने तीन महिन्यांच्या उड्डाणाचा डेटा घेतला, लॅटलाँगवरून वारा काढला, तो ठीकच होता. मग रीॲनालिसिसचा (म्हणजे जुनी निरीक्षणं मॉडेलमधे घालून तयार केलेला) वारा फुग्याच्या जागेवर काढून दोघांतला फरक बघायचा होता. डेटा खडबडीत दिसतो म्हणून त्याने अक्षांश-रेखांशाला आधी सहा तासांचा रनिंग मीन (सरकती सरासरी) लावला. ग्राफमधे तीन ठिकाणी फरक एकदम उसळला होता, तिन्ही वेळा फुगा पॅसिफिकच्या मधोमध. आता गंमत अशी की हे खरं वाटण्यासारखंच आहे, विषुववृत्तावर त्या भागात रेडिओसाँड (हवा मोजणारी यंत्रं लावलेले फुगे) सोडणारी स्टेशनं विरळ आहेत, मॉडेलचा वारा चुकू शकतो, आणि असे पेपर खरोखर आहेत. त्याची स्लाइड तयार होती, मी पण मान डोलावली, खोटं कशाला सांगू. आठवडाभराने सहज त्याला म्हटलं, मॉडेलला कुठला रेखांश दिलास तो कॉलम दाखव. पॅसिफिकच्या वेळेला तिथे 63 होता. 63 पूर्व म्हणजे हिंदी महासागर!

झालं असं होतं की फुगा पूर्वेकडे जाताना 180 ओलांडतो आणि पुढचा आकडा उणे 180 येतो. त्यांचा मीन घेतला की उत्तर शून्याकडे सरकतं. सहा तासांच्या खिडकीत आमचा फुगा इंडोनेशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका असा उलटा अख्ख्या जगावरून धावून पलीकडे पोचला होता, आणि प्रोग्राम बिचारा प्रामाणिकपणे त्या त्या ठिकाणचा वारा आणून देत होता. सेकंदाला 15 मीटरने एक फेरी व्हायला महिना लागतो, म्हणून तीन महिन्यांत तीन उसळ्या. वारा काढताना ही 180 ची उडी सांभाळली नसती तर सेकंदाला हजार किलोमीटरचा वारा दिसला असता आणि तो लगेच हसला असता. इथे मात्र स्मूथिंगने चूक गुळगुळीत करून दिली. मी तेव्हापासून कच्चे पॉइंट नकाशावर टाकल्याशिवाय काही करत नाही, ठिपके, रेघ जोडायची नाही, आणि रेखांश 360, 720 असा पुढे वाढवत नेऊन वेगळ्या कॉलममधे ठेवते. पाच मिनिटांचं काम आहे पण पोरांना थेट एफएफटी (डेटात किती किती वेळाच्या लाटा आहेत ते काढणारं गणित) लावायचा असतो.

सूर्याची वेव्ह: पूर्वेकडे जाणाऱ्या फुग्याचा दिवस 24 तासांचा नसतो. महिन्याभरात एक फेरी झाली तर त्याला एक सूर्योदय जास्त दिसतो, म्हणजे दिवस साधारण सव्वातेवीस तासांचा. मग स्पेक्ट्रममधे (एफएफटीच्या ग्राफमधे) 23.25 तासांना शिखर येतं आणि मला मेसेज येतो. स्थानिक सौर वेळ (फुगा असेल तिथली सूर्यावरची वेळ) काढा बाबांनो. आणि दिवसाचं तापमान मी शक्यतो वापरतच नाही, उन्हात सेन्सर तापतो, तिथली हवा इतकी विरळ की त्याला गार करायला पुरत नाही. करेक्शन लावून वापरणारे लोक आहेत, वापरू देत.

फुग्याची स्वतःची डोलण्याची लय तीन-चार मिनिटांची असते. तेवढ्या वेळाचं शिखर दिसलं तर ते फुग्याचं, हवेचं नाही.

आता हे जरा नीट वाचा, कारण इथे अनुभवी लोकही घसरतात. फुगा हवेच्या कणाबरोबर वर-खाली जात नाही. वजन तेवढंच, आकार जवळपास तेवढाच, म्हणून तो घनता जिथे जुळते तिथे तरंगतो. हवा एखाद्या लाटेत उचलली गेली की ती प्रसरण पावते, गार होते, पण फुगा आपल्या घनतेच्या थराला चिकटून राहतो. तापमान उंचीनुसार फारसं बदलत नसेल तर हवा 100 मीटर उचलली गेल्यावर फुगा जेमतेम 30 मीटर जातो. आडव्या दिशेला तो वाऱ्याचा, उभ्या दिशेला अर्धवट. त्यामुळे फुग्याचा उभा वेग हा हवेचा उभा वेग म्हणून पेपरात छापायचा नाही, आणि दाब कायम राहील असंही धरायचं नाही, मोजलेला दाब वापरा.

लूनचा डेटा (गुगलवाल्यांचे इंटरनेटचे फुगे, 2021 ला बंद झाले) फुकट आणि भरपूर आहे म्हणून सगळे तिकडे पळतात. ते फुगे मुद्दाम उंची बदलत वारा निवडायचे. स्थिर उंचीचे तुकडे कापून घ्या, कंटाळा आला तरी.

शेवटचं, जे कोणी विचारतच नाही: डेटा कुठे नाहीये? घोस्ट या अशाच फुग्यांच्या जुन्या प्रयोगातला एक फुगा 744 दिवस उडाला हे सगळ्यांना पाठ, पण त्याच प्रयोगातले खालच्या थरातले फुगे बर्फ साचून लवकर पडले ते कोणी सांगत नाही. विषुववृत्तावर रात्री खाली मोठं गडगडाटी ढगांचं झुंड असलं की त्याचा माथा भयंकर थंड असतो, खालून येणारी उष्णता कमी होते, आतला गॅस आकसतो, दाब जातो आणि फुगा खाली येतो. म्हणजे सगळ्यात जोरदार ढगांवरचंच उड्डाण सगळ्यात आधी तुटतं. "वादळावर लाटा कमी दिसल्या" असं लिहायच्या आधी किती फुगे तिथे खाली पडले ते मोजा. मी त्यांची वेगळी वही ठेवलीये, फुगा, तारीख, शेवटचा दाब, आणि त्या रात्रीचं उपग्रहाचं ढगांचं चित्र प्रिंट काढून चिकटवलेलं.