रोजच्या धावपळीत अप्रमाद कसा सांभाळावा

अप्रमाद म्हणजे बेसावध न होणं, सतत जागं राहणं. पंचशील, म्हणजे बौद्ध उपासकाचे पाच नियम, आपल्याला पाठ असतं, म्हणूनच ते घाईत उरकलं जातं. सुरुवात तिथूनच करा. एकेक शील म्हणून झालं की क्षणभर थांबा आणि आज ते कुठे मोडू शकतं, ते आठवा. चौथ्या, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला दुकान, ऑफिस, भावकी सगळं आठवेल.

मग दहा मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते. नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, लांबवायचा नाही. मन पळालं हे कळलं की चिडचिड न करता परत आणायचं. नीट शिकायचं तर इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. दहा दिवसांचं शिबिर दानावर चालतं, फी नसते. मात्र तिथे जाईपर्यंत घरचं बसणं लांबणीवर टाकू नका.

रविवारी त्रिरश्मी लेणी चढा, म्हणजे आपली पांडवलेणी. मोबाइल खिशात, गप्पा बंद. पाऊल उचललं, टेकलं, मांड्या भरून आल्या, एवढंच जाणत वर जायचं. सेल्फी उतरताना काढा.

खरी परीक्षा मात्र द्वारका चौकात. रिक्षा आडवी येते, हात हॉर्नवर जातो, तोंडाशी शिवी येते. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला विचारलं होतं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायची: यानं मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का? ‘आधी’ बहुतेकदा हुकतंच. मग ‘करताना’ पकडा. भावकीच्या ग्रुपवर रागानं टाइप करत असाल तर अर्ध्यावरही पुसता येतं. तेही हुकलं, मेसेज गेला, तर ज्याच्या शहाणपणावर विश्वास आहे अशा माणसाला त्याच दिवशी सांगा. राहुलला दिलेल्या उपदेशात हेही आहे, आणि मला हाच भाग सगळ्यात अवघड वाटतो. मनातल्या मनात पश्चात्ताप करणं त्यामानानं स्वस्त पडतं.

तिन्ही वेळा एकदम साधायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त बोलणं घ्या, तेही घरातलं. बाहेर आपण तसे सांभाळूनच बोलतो.

पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे उपोसथाचे आठ नियम, घेत असाल तर त्या दिवशी रील्सही बंद ठेवा. नाच-गाणी, तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचं शील त्यात आधीपासूनच आहे.